माळ्यावरच्या रिळातलं कोल्हापूर : जुनी फिल्म वाचवावी, स्कॅन करावी आणि ओळखावी कशी

बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यापासून कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट सुरू होते. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला, १९२९ मध्ये इथेच प्रभात कंपनी उभी राहिली, पुढे जयप्रभा स्टुडिओ गाजला. कलापूर म्हणून आपण मिरवतो ते यावरच. पण या स्टुडिओंनी प्रामुख्याने चित्रित केले ते राजवाडे, लढाया आणि पुराणकथा. स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभा असलेला टांगा, रंकाळ्यावर फिरायला आलेलं कुटुंब, गंगावेशीतली म्हैस हे टिपलं हौशी लोकांनी. एखाद्या डॉक्टरने, उद्यमनगरातल्या कारखानदाराने, परदेशी जाऊन आलेल्या प्राध्यापकाने लग्न-मुंजीसाठी कॅमेरा घेतला आणि उरलेली फिल्म संपवायची म्हणून खिडकीतून खालचा रस्ता काढून ठेवला. ती उरलेली दोन-तीन मिनिटंच आज मोलाची आहेत.

अशी रिळं अजूनही घराघरांत पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावरून खाली येतात आणि बरेचदा थेट भंगारवाल्याकडे जातात. स्टुडिओंचंही वेगळं झालं नाही. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी चित्रपट वितळवले गेले. तुमच्या हाती एखादं रीळ लागलं तर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. क्रम मोडू नका, कारण यातल्या काही चुका परत दुरुस्त होत नाहीत.

पहिलं काम : प्रोजेक्टर बाजूला ठेवा

रिळासोबत बहुतेक वेळा प्रोजेक्टरही सापडतो आणि सगळं घर म्हणतं, “लाव की, बघू तरी!” लावू नका. साठ वर्षांत फिल्म आकसते. एक टक्का आकसली तरी तिची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत, ती फाटत जातात. मधेच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने चौकट, म्हणजे फिल्मवरचं एकेक चित्र, वितळते. आधी डबा उघडून नुसता वास घ्या.

आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकवरची फिल्म कुजायला लागली आहे. त्यातून सुटणारं आम्लच पुढची कूज वाढवतं, म्हणून एकदा सुरुवात झाली की वेग वाढतच जातो. असं रीळ चांगल्या रिळांपासून लगेच वेगळं करा आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्या. नेमकी स्थिती कळायला हवी असेल तर ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी टाकून डबा किमान एक दिवस बंद ठेवायचा. निळी पट्टी निळीच राहिली तर ठीक, हिरवी झाली तर घाई करा, पिवळी झाली तर त्याच आठवड्यात लॅबला फोन करा.

एक धोका मात्र खरोखरचा आहे. फिल्म ३५ मिमी रुंद असेल आणि १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल, तर ती नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लॅस्टिकवरची, असू शकते. नायट्रेट भडकलं की पाण्यानेही विझत नाही. जुन्या स्टुडिओंशी संबंध असलेल्या कोल्हापुरातल्या घरांत असा डबा निघणं अशक्य नाही. कडेला ‘सेफ्टी’ अशी अक्षरं असतील तर बहुधा काळजी नाही. ती नसतील, फिल्म चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी दिसत असेल, तर डबा बंद करा, उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. एसटीत, रेल्वेत किंवा कुरिअरने असा डबा पाठवायचा नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटवरचे किती जुने चित्रपट गेले, ते जुन्या सिनेमाची आवड असणाऱ्याला सांगायला नको.

घरगुती ८ मिमी आणि १६ मिमी फिल्म नायट्रेटवर निघत नसे. त्यामुळे बहुतेकांनी इथे निर्धास्त व्हायला हरकत नाही.

रीळ कुठलं, कधीचं

फिल्मची रुंदी पट्टीने मोजा. १६ मिमी लगेच ओळखू येते, ती १९२३ पासून आहे. ८ मिमी दिसली तर छिद्रं बघा. मोठी छिद्रं आणि ती दोन चौकटींच्या सीमेवर असतील तर साधी ८ मिमी, म्हणजे १९३२ नंतरची. छिद्रं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतील तर सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरचीच. छिद्रं फिल्मच्या मधोमध, दोन चौकटींच्या फटीत असतील तर ती ९.५ मिमी. ती विरळा मिळते, जपून हाताळा.

कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापलेल्या असतात. त्यांच्यावरून फिल्म बनल्याचं वर्ष काढता येतं. अडचण अशी की त्याच खुणा वीस वर्षांनी परत येतात, म्हणजे एकच खूण १९४२ ची असू शकते आणि १९६२ चीही. सुपर ८ असेल तर १९४२ आपोआप बाद होतं. शिवाय हे वर्ष फिल्म बनल्याचं आहे, ती कॅमेऱ्यात घातल्याचं नाही. आपल्याकडे फिल्म महाग आणि दुर्मिळ होती. लोक ती जपून, पुरवून वापरत, त्यामुळे दोन-चार वर्षं पुढे धरायला जागा ठेवा.

डब्यावरचं हस्ताक्षर, कागदी खोकी, पोस्टाचे शिक्के यांतलं काहीही फेकू नका. फिल्मवरच्या खुणा एक भिंग आणि फिल्मखाली उजेडासाठी पडदा पांढरा करून ठेवलेला मोबाइल एवढ्यावर बघता येतात. हातात सुती मोजे घाला आणि फिल्म कडेनेच धरा.

बुरशी, धूळ आणि पुराचं पाणी

कोल्हापूरच्या पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत पांढरी बुरशी येते. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे बुरशीला मेजवानीच. असं रीळ मोकळ्या हवेत, मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. पाणी लावू नका. बुरशीने मऊ केलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि त्याबरोबर चित्रही जातं. साध्या धुळीसाठी ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड चालतं. आधी सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर करून पाहा आणि जवळपास गॅस पेटता ठेवू नका. फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय आवाजपट्टी असेल तर तिला हे द्रावण लावू नका, ते लॅबवर सोपवा.

पुराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी भागातल्या तळमजल्यांवरचे फोटो आणि कागद कसे भिजले ते आपण पाहिलं आहे. भिजलेली फिल्म उन्हात वाळत घालणं ही सर्वांत सहज सुचणारी आणि सर्वांत घातक गोष्ट. वाळताना वेढे एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. ओली फिल्म ओलीच ठेवायची असते. स्वच्छ, गार पाण्याच्या झाकणाच्या डब्यात ती पूर्ण बुडवा, गाळ असेल तर पाणी बदला आणि दोन दिवसांच्या आत लॅब गाठा. जुन्या पुरात भिजून केव्हाच वाळलेलं, विटेसारखं घट्ट रीळ मिळालं तर एकही वेढा ओढू नका. ते तज्ज्ञांचं काम आहे.

पुढच्या पुराची वाट न पाहता रिळं वरच्या मजल्यावर हलवा. मात्र पत्र्याखालच्या माळ्यावर नको, कारण तिथला उन्हाळाच अ‍ॅसिटेट कुजवतो. घरातली सर्वांत थंड, कोरडी खोली निवडा, लोखंडी गंजका डबा बदलून प्लॅस्टिकचा घ्या आणि रीळ आडवं ठेवा.

स्कॅनिंग : लॅबला नेमकं काय सांगायचं

भिंतीवर सिनेमा लावून मोबाइलने त्याचं शूटिंग केलं की झालं, असं सांगणारे भेटतील. त्यात चित्र लुकलुकतं, कडा कापल्या जातात आणि प्रोजेक्टर वापरायचा धोका उरतोच. बाजारात मिळणारे छोटे घरगुती स्कॅनर त्यापेक्षा बरे, पण ते फिल्म छिद्रातूनच ओढतात आणि दर क्षणी उजेड आपोआप कमी-जास्त करतात. रिळात काय आहे हे पाहण्यापुरते ते ठीक, आणि तेही फिल्म धडधाकट असेल तर. कायमची प्रत करायची तर पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक लॅबकडे जावं. देण्याआधी या गोष्टी विचारून लेखी घ्या :

फिल्म दात्यांऐवजी रुळांवरून सरकते का? आकसलेल्या फिल्मसाठी ही पहिली अट.

प्रत्येक चौकटीचा स्वतंत्र फोटो घेतला जातो का? ८ मिमीला २के (रुंदीत सुमारे दोन हजार ठिपके) पुष्कळ झालं, १६ मिमीला शक्य असेल तर ४के.

चौकटीच्या बाहेरचा भाग, म्हणजे छिद्रं आणि कडेच्या खुणा, स्कॅनमध्ये येतात का? कापून दिलेल्या स्कॅनमध्ये तारखेचा पुरावाच उडालेला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मूळ फाइलमध्ये चित्रातला दाणा पुसणं (नॉइज रिडक्शन), धार वाढवणं, वेग बदलणं यांपैकी काहीही केलेलं चालणार नाही, हे ठणकावून सांगा. बऱ्याच लॅब ग्राहक खूश व्हावा म्हणून फिल्मचा नैसर्गिक दाणा, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक कण, पुसून गुळगुळीत चित्र देतात. तो दाणा म्हणजेच चित्र आहे. एकदा पुसला की परत येत नाही.

फाइलच्या आकाराची तयारी ठेवा. सुपर ८ चं ५० फुटी रीळ म्हणजे ३,६०० चौकटी, १८ चौकटींच्या वेगाने ३ मिनिटं २० सेकंद. २के आकाराच्या १० बिट डीपीएक्स (प्रत्येक चौकटीची स्वतंत्र, न दाबलेली फाइल) चौकटींत तेवढ्याचेच साधारण ४५ जीबी होतात. हे पेलत नसेल तर प्रोरेस एचक्यू हा थोडा दाबलेला व्हिडिओ प्रकार मागा, त्याहून कितीतरी कमी जागेत काम होईल. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी एमपी४ घेऊन परत येऊ नका. आणि रिळं, डबे, खोकी मोजून परत घ्या. स्कॅन झालं म्हणून मूळ फिल्म टाकून देणारे महाभागही आहेत. पुढच्या पिढीचा स्कॅनर आजच्यापेक्षा चांगला असणार, तेव्हा तीच फिल्म लागेल.

दुरुस्तीच्या आधी ओळख

इथे माझं बहुतेकांशी पटत नाही. स्कॅन हातात आलं की लोक महिनोन् महिने ओरखडे पुसत बसतात, आणि तोवर त्या रिळातला रस्ता ओळखू शकणारे आजोबा जातात. फिल्म अजून वीस वर्षं थांबेल, माणूस थांबेलच असं नाही. म्हणून ओरखड्यांसकट, धुळीसकट आहे तशी प्रत आधी वडीलधाऱ्यांना दाखवा.

पहिल्यांदा एकेकट्याला दाखवा. घोळक्यात सर्वांत मोठा आवाज जिंकतो आणि बाकीचे मान डोलावतात. आपला अंदाज सांगू नका, “हे गुजरी आहे ना?” असं तर मुळीच विचारू नका. नुसतं “हे कुठलं असेल?” विचारा आणि गप्प बसा. परवानगी घेऊन त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. चित्र थांबवा, मागे न्या, दुकानाच्या पाट्यांवर रेंगाळू द्या. मग केव्हातरी एखाद्या संध्याकाळी तालमीत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बोलवा. “आरं, ह्यो तर आमच्या आण्णांचा टांगा! घोडं बघ की, पांढऱ्या पायाचं!” असं कुणी ओरडलं की वेळ आणि चौकट लगेच लिहून घ्या. अशा वेळी मिळणारी माहिती कुठल्याही कागदावर नसते.

लिहिताना प्रत्येक ओळीपुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘ऐकीव’ असा शेरा आणि सांगणाऱ्याचं नाव टाका. पुढे दोन माणसांचं म्हणणं जुळलं नाही तर हाच शेरा उपयोगी पडतो.

आठवणीला पुराव्याची जोड द्यायला शहरच मदत करतं. रंकाळ्याच्या काठावर शालिनी पॅलेस पूर्ण दिसत असेल तर चित्र १९३४ नंतरचं. शिवाजी चौकात महाराजांचा पुतळा असेल तर १९४५ नंतरचं. टेकडीवर शिवाजी विद्यापीठाच्या इमारती दिसल्या तर १९६२ च्या पुढचं. दुकानाच्या पाटीवर भाव आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. अर्थात दुकानदार पाटी लगेच बदलत नसे, एवढं ध्यानात ठेवायचं. गाडीवर एमएच ०९ असेल तर १९८९ च्या आधी जायचंच नाही. सर्वांत नेमकी तारीख मात्र भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर देतं. चित्रपटाचं नाव वाचता आलं की प्रदर्शनाचं वर्ष सापडतं, आणि आपल्याकडे पोस्टर नसलेली भिंत शोधणं अवघड.

चित्र उलटं तर नाही ना, हेही इथेच तपासा. फिल्मची बाजू चुकली की डावं-उजवं बदलतं. पाटी दिसत नसेल तर बायकांचा पदर बघा, तो डाव्या खांद्यावर हवा. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जायला हव्यात. अंबाबाईच्या देवळाचा महाद्वार पश्चिमेला आहे, म्हणून त्याच्या दर्शनी बाजूवर थेट ऊन असेल तर वेळ दुपार उलटून गेल्यानंतरचीच. किरणोत्सवात मावळतीचे किरण देवीपर्यंत पोहोचतात ते याच दिशेने. एवढ्या एका गोष्टीवरून सकाळ-संध्याकाळचा वाद मिटतो.

केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुनं पॅलेस थिएटर, आणि त्यामागचं खासबाग मैदान यांची कुठलीही चौकट असेल तर ती वेगळी काढून ठेवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीच्या आगीत नाट्यगृह जळालं. जुनी दर्शनी बाजू, आतल्या खुर्च्या, रंगमंच यांचं हलतं चित्र पुनर्बांधणी करणाऱ्यांना आणि पुढे इतिहास लिहिणाऱ्यांना हवंच असणार.

आता दुरुस्ती, पण हात राखून

मूळ स्कॅनला हात लावायचा नाही, नेहमी प्रतीवर काम करायचं. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घरच्या कामाला पुरते. धूळ काढण्याची आणि लुकलुक थांबवण्याची खास साधनं तिच्या विकतच्या आवृत्तीत आहेत. संगणकाची खटपट जमत असेल तर अ‍ॅव्हीसिंथ हे मोफत साधन तीच कामं करतं.

सुरुवात वेगापासून करा. जुन्या चित्रात माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती त्या काळात घाई होती म्हणून नव्हे. सेकंदाला १६ चौकटींनी घेतलेलं चित्र २४ ने दाखवलं की वेग दीडपट होतो. साधी ८ मिमी बहुधा १६ ची, सुपर ८ बहुधा १८ ची. खात्री नसेल तर चालणारा माणूस शोधा. सहज चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणून १६ च्या वेगात एका पावलाला आठ-नऊ चौकटी यायला हव्यात. टाइमलाइनच १६ किंवा १८ ची करा. मधल्या नसलेल्या चौकटी संगणकाकडून बनवून ६० चा गुळगुळीत वेग आणायचा मोह टाळा, टांग्याच्या चाकाच्या आऱ्या त्यात वितळून जातात.

त्यानंतर थरथर कमी करा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं हलणं राहू द्या, चौकट नाचत असेल तेवढंच थांबवा.

रंगांत कोडॅक्रोम फारसं बिघडलेलं नसतं, तिला जवळजवळ काहीच लागत नाही. इतर जुन्या रंगीत फिल्म मात्र गुलाबी पडतात. त्यासाठी चित्रात खात्रीने करडी असलेली वस्तू शोधायची. आपल्या नशिबाने गावात काळा दगड मुबलक आहे. अंबाबाईचं देऊळ, घाटावरच्या पायऱ्या, न्यू पॅलेसची भिंत यांतलं काहीही चौकटीत असेल तर त्या दगडाची गुलाबी झाक जाईपर्यंत तिन्ही रंग जुळवा. बाकीचं आपोआप ठिकाणावर येतं.

धूळ पुसणारं यंत्र एका साध्या नियमावर चालतं : जे एकाच चौकटीत दिसतं आणि पुढच्या चौकटीत नसतं, ती घाण. आता जोतिबाच्या चैत्र यात्रेचं रीळ त्याच्यापुढे ठेवा. उधळलेला गुलाल, खोबऱ्याचे तुकडे, पालखीवर पडणारी फुलं, पावसाचे थेंब, उडणारी कबुतरं हे सगळं त्याला घाणच वाटतं. यंत्राची तीव्रता कमीत कमी ठेवा, गर्दीच्या दृश्यांत ते बंदच करा आणि मोठे डाग हाताने काढा. वेळ लागतो, पण यात्रा यात्राच राहते.

एआयने चित्र मोठं करणं आणि कृष्णधवल चित्र रंगवणं यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ती मौज आहे, दुरुस्ती नाही. धूसर चेहऱ्याच्या जागी यंत्र एक नवा, कुणाचाच नसलेला चेहरा बसवतं. देवनागरी पाट्यांची तर दैना होते. शिरोरेषा वाहून जाते आणि ‘भांडार’च्या जागी कुठल्याच लिपीत नसलेलं काहीतरी येतं. फेट्याचा रंग ते स्वतःच्या मनाने ठरवतं. करायचंच असेल तर वेगळी प्रत करा आणि पहिल्या चौकटीवरच तसं लिहा. टांग्याच्या टापांचा आवाज मागाहून घातला असेल तर तेही लिहा.

दाखवण्यापूर्वी

पंचगंगेच्या घाटावर अंघोळ करणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका जुन्या रिळांत हमखास असतात. त्यांनी कॅमेऱ्याला परवानगी दिली नव्हती आणि त्यांच्या नाती आज याच गावात राहतात. अशी दृश्यं इंटरनेटवर टाकू नका. रीळ दुसऱ्या कुणाच्या घरातलं असेल तर काय दाखवायचं, कुठे दाखवायचं याची त्या घरातून लेखी परवानगी घ्या. तोंडी ‘व्हय, टाका की’ पुरेसं नाही, कारण पुढे भावकीतलं तिसरं कुणीतरी येतंच.

ठेवायचं कुठे

फाइलच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर, पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. प्रत्येक फाइलची चेकसम (फाइल बिघडली की बदलणारा, संगणकाने काढलेला आकडा) नोंदवून ठेवा आणि वर्षातून एकदा, गुढीपाडव्याला म्हणा, डिस्क लावून ती जुळते का पाहा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली हार्ड डिस्क न सांगता मरते.

मूळ रीळ घरीच ठेवायचा हट्ट नसेल तर दोन ठिकाणी विचारणा करता येईल. एक पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे १९६४ पासून आहे आणि जिथे थंड कोठारांची सोय आहे. दुसरं मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन. विचारताना नुसतं “जुनी फिल्म आहे” असं लिहिलंत तर पत्र बाजूला पडेल. रुंदी, लांबी, वास आहे की नाही, कडेच्या खुणा, कुठले प्रसंग, कुणी चित्रित केलं आणि चार स्थिर चौकटी एवढं जोडा. स्कॅनची आणि ओळखीच्या नोंदींची एक प्रत गावातही असावी. करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय इथे बोलून पाहा. नोंदी कागदावर छापून द्या आणि त्यांत सांगणाऱ्यांची नावं राहू द्या.